शिकागोच्या जेन अ‍ॅडम्सबाई

अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत, सीडरव्हिल नांवाच्या लहानशा गांवीं, ता. ६ सप्टेंबर १८६० रोजीं जेन अ‍ॅडम्स यांचा जन्म झाला. दोन वर्षांच्या असतांनाच त्या मातृसुखास अंतरल्या. वडील गिरणीमालक असल्यानें द्रव्याची ददात नव्हती. १८८१ सालीं रॉकफर्ड येथील शिक्षण संपलें. परंतु पुढें काय करावें हें सुचेना, व प्रकृतीही साथ देईना. अशीं सात-आठ वर्षें गेलीं. शिकून घरीं बसलेल्या कित्येकांची आजही हीच अवस्था नाहीं काय?

१८८८ सालीं त्यांनीं लंडनमधील टॉयन्बी हॉल पाहिला. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील तरुण तेथें गरिबांच्या वस्तींत राहात, त्यांस शिकवीत व त्यांच्यापासून शिकत. बाईंस मार्ग सांपडला. एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह त्यांनीं १८८९ च्या सप्टेंबरांत शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर एका जुन्या घरांत बिऱ्हाड केलें. तेंच हल-हाउस. भोंवतीं पोटासाठीं परदेशांहून आलेल्या मजुरांची दाट वस्ती होती. बाईंबरोबर राहाणारी सुशिक्षित मंडळी आपला खर्च आपणच करीत. त्यांनीं घरोघर हिंडून कोण कोणत्या देशाचा, कोणास मजुरी किती, याचे नकाशे तयार केले; ते १८९५ सालीं छापून निघाले.

बालवर्ग व रात्रीचे वर्ग तर निघालेच; शिवाय १८९१ त चित्रशाळा, १८९३ त संगीतशाळा व १८९९ त नाट्यगृह झालें. भुकेल्यास गाणें कशाला, असें पुष्कळांस वाटे. बाईंचें मत निराळें होतें. कारखान्यांत राबणाऱ्या मुलाची आनंदाची भूकही खरीच, व ती भागली नाहीं तर तो गुत्त्याची वाट धरितो, असें त्यांचें म्हणणें. त्यावर त्यांनीं १९०९ सालीं पुस्तकही लिहिलें. पुढें जगप्रसिद्ध झालेले क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन लहानपणीं येथील मुलांच्या बँडमध्यें वाजवीत.

पुढील हकीकत पालकांनीं अवश्य वाचावी. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या मुलांस आपल्या अडाणी आईबापांची लाज वाटूं लागली होती. म्हणून १९०० सालीं बाईंनीं श्रमसंग्रहालय काढिलें आणि त्या वडील माणसांसच कातण्याविणण्याचें काम लोकांसमक्ष करून दाखविण्यास बसविलें. एक इटालियन बाई तेथें टकळीवर सूत काती. तिची मुलगी त्याच संध्याकाळीं स्वयंपाकाच्या वर्गास येई. पण आईबरोबर कोणी पाहूं नये म्हणून दुसऱ्या दारानें शिरे. एके दिवशीं शिक्षणशास्त्राचे अभ्यासक आईभोंवतीं जमून तिचें कसब वाखाणीत असलेले मुलीनें पाहिले. बाईंनीं तिला आईचें खेडें व तेथील कला यांविषयीं सांगितलें. पलंगाखालच्या पेटींत दडविलेले हातविणीचे कपडे बाहेर निघाले, आणि मुलगी आईच्या दारानें येऊं लागली.

पहिल्या महायुद्धास विरोध केल्यामुळें स्वदेशांत बाईंची फार निंदा झाली. १९३१ सालीं मात्र त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. ता. २१ मे १९३५ रोजीं त्या वारल्या. त्यांची संस्था २०१२ त बंद पडली. जुनें घर मात्र शिकागोंतील इलिनॉय विद्यापीठानें संग्रहालय म्हणून राखलें आहे. अशाच धर्तीवर मुंबईच्या नागपाड्यांत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं नेबरहुड हाउस चालविलें. तेथेंच १९३६ सालीं समाजकार्य शिकविणारी टाटांची शाळा सुरू झाली.