पिवळ्या गळ्याची चिमणी

पावसाळ्याच्या दिवसांत कयाधू नदीच्या काठाने हिंगोलीकडे येताना बाभळीच्या फांद्यांना लोंबणारे सुगरणीचे खोपे दृष्टीस पडतात. हे खोपे कोण विणते व कसे विणते, याचा महिनोन्महिने एकाच जागी बसून ज्यांनी शोध घेतला, त्या थोर पक्षिशास्त्रज्ञाचे नाव डॉ. सालिम अली.

सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांचा सांभाळ केला. मामांना शिकारीची आवड होती. त्यांनी भाच्याला छऱ्यांची एक लहानशी बंदूक दिली होती. एके दिवशी त्या बंदुकीने सालिमने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! घरातल्या चिमण्यांना असा ठिपका कधीच नव्हता. मग ही चिमणी कोणती? मामांनाही ते सांगता येईना. त्यांनी भाच्याला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे चिटणीस मिलार्ड साहेब यांच्याकडे धाडले.

कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी घेऊन तो मुलगा भीतभीतच संस्थेच्या दारात उभा राहिला. मिलार्ड साहेबांनी मोठ्या आपुलकीने त्याची विचारपूस केली व पक्ष्याचे इंग्रजी नाव सांगितले : येलो-थ्रोटेड स्पॅरो, म्हणजे पिवळ्या गळ्याची चिमणी. इतकेच करून ते थांबले नाहीत. पेंढा भरून जतन केलेले नाना पक्षी त्यांनी कपाटांतून काढून दाखविले. प्रत्येकाला वेगळे नाव आणि प्रत्येक नावामागे काही तरी निरीक्षण! त्या दिवशी सालिमच्या आयुष्याला दिशा मिळाली.

पक्ष्यांच्या नावांत मोठी गंमत असते. मराठी माणूस ज्याला सुतार म्हणतो, त्याला इंग्रज लाकूड टोचणारा या अर्थी वुडपेकर म्हणतो. आपण ज्याला धोबी म्हणतो, त्याची सतत हलणारी शेपटी पाहून इंग्रजांनी त्याचे नाव वॅगटेल ठेवले. पाने शिवून घरटे करणारा पक्षी मात्र आपल्याकडे शिंपी आणि त्यांच्याकडेही टेलर-बर्ड! मैना, बुलबुल, बया, शिक्रा ही आपल्याकडची नावे तर इंग्रजांनी जशीच्या तशी उचलली. सालिम अलींनी आपला ग्रंथसंभार इंग्रजीत रचला. पण त्यातील पक्षी या मातीतले होते.

पक्ष्यांवर प्रेम जडले खरे, तरी त्यावर पोट भरणे सोपे नव्हते. तारुण्यात त्यांनी ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात काही वर्षे घालविली. परंतु त्यांचे मन रानातच रमे. मुंबईस परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. पुढे 1926 साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी लाभली. तेथून रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिन येथे प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. 1930 साली ते मायदेशी परतले, तो त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली! हाताला काम नाही आणि पुढची वाट दिसत नाही, अशी स्थिती झाली.

अशा वेळी दुसरा एखादा खचून गेला असता. सालिम अली पत्नी तेहमीना यांच्यासह अलिबागजवळील किहीम या गावी राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर आडोशाला बसून ते त्या पक्ष्यांची हालचाल टिपू लागले. आपण सुगरण हे स्त्रीलिंगी नाव वापरतो. पण खोपा विणतो तो नर. तो घरटे अर्धे विणून ठेवतो. मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले, तरच तो उरलेले विणकाम पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा बांधावयास घेतो! या निरीक्षणावर त्यांनी लिहिलेला निबंध विद्वानांत मान्यता पावला. नोकरी गेली नसती, तर कदाचित हे संशोधन त्यांच्या हातून घडलेही नसते.

त्यानंतर त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळावा, वेतन नको, अशी त्यांची तयारी होती. आरंभीच्या पाहण्यांपैकी एक हैदराबाद संस्थानची. हिंगोलीसह सारा मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता. तेहमीनाबाई तंबूतील मुक्कामांत त्यांच्या बरोबर राहत. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. आपले इंग्रजी लेखन सुधारले ते पत्नीमुळे, हे सालिम अली कृतज्ञतेने मान्य करीत. 1939 साली तेहमीनाबाई निवर्तल्या. हा आघात फार मोठा होता. तो सोसून त्यांनी काम चालूच ठेवले.

1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांविषयीचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पक्ष्याचा आकार सांगण्याची रीत अगदी साधी होती. अमका पक्षी चिमणीएवढा, तमका बुलबुलाएवढा, मैनेपेक्षा मोठा किंवा कावळ्यापेक्षा लहान. ओळखीच्या पक्ष्यावरून अनोळखी पक्षी ओळखावयाचा! त्यामुळे शास्त्र न शिकलेला माणूसही पक्षिनिरीक्षण करू लागला. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा महाग्रंथ 1974 पर्यंत पूर्ण केला.

भारत सरकारने त्यांना 1958 साली पद्मभूषण व 1976 साली पद्मविभूषण देऊन गौरविले. एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी, जेथे बालपणी चिमणी घेऊन गेले होते, त्याच संस्थेला देऊन टाकली. 1985 साली निघालेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीची आठवण ठेवली. 1987 साली वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस पक्षी दिन म्हणून पाळला जातो.

ज्या बंदुकीने चिमणी पाडली, ती मोठेपणी शास्त्राच्या कामापुरतीच उरली. दुर्बीण आणि वही हीच त्यांची खरी साधने ठरली. बालमित्रांनो, आपल्या शाळेच्या आवारातही रोज कितीतरी पक्षी येतात. त्यांतील किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? ज्याचे नाव आपण जाणतो, त्याची चौकशी करावीशी वाटते. आणि ज्याची चौकशी करतो, त्याला इजा करण्यास हात धजत नाही.