रेव्हरंड ना. वा. टिळक : प्रेमसाधनेचा जीवनपट

आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची नोंद बहुधा दोन स्वतंत्र सदरांत केली जाते. एका सदरात फुलांमुलांचे कवी येतात, तर दुसऱ्यात ख्रिस्ती भक्तिगीतांचे रचनाकार. या विभागणीमुळे त्यांच्या जीवनातील एक अखंड सूत्र नजरेआड होते. टिळकांच्या ठायी प्रेम ही आयती लाभलेली भावना नव्हती; ती क्रमाक्रमाने साध्य होत गेलेली साधना होती. या साधनेची सर्वांत कठीण कसोटी त्यांच्या स्वतःच्या घरातच लागली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कठोर होते; आई जानकीबाई धर्मशील आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे १८६९ ते १८७३ या काळात टिळकांचे प्राथमिक शिक्षण झाले. ममता आणि कठोरता यांचा एकाच घरातील विरोध त्यांनी याच वयात अनुभवला. आईच्या मृत्यूनंतर त्यांनी घर सोडून नाशिक गाठले व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्याचे अध्ययन केले. मॅट्रिक होण्यापूर्वीच त्यांना शिक्षकाची नोकरी पत्करावी लागली.

पुढील आयुष्य अस्थिर होते. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह होऊन घरात आलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीची उदारता सोसली, तसाच त्यांचा संताप आणि न सांगता घर सोडून जाण्याची वृत्तीही सोसली. स्मृतिचित्रे या आत्मकथनात त्यांनी हे दोन्ही रंग निःसंकोचपणे रेखाटले आहेत. १८९१ मध्ये टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास गेले. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनरी सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते विशेष प्रभावित झाले. जातिभेदाने विदीर्ण झालेल्या समाजास जोडू शकेल असा धर्म ते शोधीत होते. शत्रूवरही प्रेम करण्याची शिकवण त्यांना त्या शोधाचे उत्तर वाटली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु प्रेमाच्या धर्माचा हा स्वीकार पत्नीस विश्वासात न घेता झाला, हा त्यांच्या चरित्रातील मोठा अंतर्विरोध होय. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास शोक, लोकनिंदा व आप्तांचा आश्रय आला. पतिपत्नींचा वियोग काही वर्षे टिकला. पुनर्मीलनानंतर मात्र टिळकांच्या आचरणात लक्षणीय भेद दिसतो. लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे जपले, तेव्हा टिळकांनी त्यास हरकत घेतली नाही; धर्मांतराची सक्तीही केली नाही. राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने जातिभेदाचा त्याग केला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या विवेकास त्याच्या गतीने वाढू देणे, हा प्रेमाचा धडा टिळकांना धर्मग्रंथाइतकाच या संसाराने दिला, असे म्हणणे अवाजवी ठरू नये.

अहमदनगरच्या वास्तव्यात हे प्रेम घराच्या भिंतींबाहेर विस्तारले. दुष्काळाच्या व प्लेगच्या वर्षांत अनाथ मुलांना त्यांच्या घरात आसरा मिळाला. बालकवी ठोमरे यांनाही तेथे काही काळ मायेचे छत्र लाभले. १९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी ज्ञानोदयच्या मराठी विभागाचे संपादन केले.

या विस्ताराचे वाङ्मयीन रूप म्हणजे त्यांची अभंगरचना. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. परधर्म स्वीकारताना परभाषेचा साज त्यांनी नाकारला. अभंग, ओवी व कीर्तन यांतूनच त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली. विठ्ठलास माउली म्हणणाऱ्या संतपरंपरेप्रमाणे त्यांनी ख्रिस्तासही मातृरूपात पाहिले. भक्तीच्या या मातृरूपामागे वारकरी परंपरेचा संस्कार स्पष्ट आहे. कल्याणच्या घरातील जानकीबाईंची आठवणही त्यामागे असणे संभवते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासना संगीतात त्यांच्या गीतांचा वाटा आजही मोठा आहे.

१९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनशी असलेला वेतनाचा संबंध तोडून त्यांनी साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तानुयायी येथे बंधुभावाने एकत्र यावेत, हा त्यामागील हेतू होता. बाप्तिस्म्यामुळे ज्यांचा संसार दुभंगला होता, त्यांनीच अखेरीस बाप्तिस्म्याची अट ओलांडणारे कुटुंब कल्पिले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबाराचा प्रयोग अपुरा राहिला.

१९०९ मध्ये आरंभिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्यही दहा अध्यायांनंतर थांबले होते. ते पुढे नेण्यासाठी लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय रचले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या श्रद्धेच्या स्वीकारात त्यांना प्रथम वगळले गेले, त्याच श्रद्धेचे महाकाव्य त्यांनी पुढे नेले. टिळकांच्या प्रेमसाधनेचे मूल्यमापन करताना या ६४ अध्यायांचा विचार त्यांच्या अभंगांइतकाच आवश्यक ठरतो.