पेठ वसवणारा राजा : राजर्षी शाहू महाराज

कोल्हापूर : शाहू महाराज म्हटलं की आपल्याला आरक्षण आठवतं, वसतिगृहं आठवतात, राधानगरीचं धरण आठवतं. पण या राजाने बाजारपेठाही वसवल्या, हे नव्या पिढीला फारसं माहीत नाही. आज गावोगावचे आठवडी बाजार रोडावत चाललेत आणि तालुक्याच्या पेठेत दुपारी गिऱ्हाईक दिसत नाही. अशा वेळी त्यांचं हे काम मुद्दाम सांगावंसं वाटतं.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ ला कारभार हाती घेतला. वय अवघं एकोणीस वर्षांचं.

त्याआधी तीन वर्षं, म्हणजे १८९१ ला, मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. माल बाहेर जायची सोय झाली, पण व्यापाराला हक्काची जागा पाहिजे होती. महाराजांनी १८९५ ला स्टेशनजवळ शाहूपुरी ही नवी पेठ वसवली. व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या, सवलती दिल्या. शेतकऱ्याचा गूळ तिथं येऊ लागला, अडते आले, हमाल आले, गाडीवानांना काम मिळालं. कोल्हापुरी गुळाचं नाव लांबवर पोचलं त्यात या पेठेचा मोठा वाटा आहे. आपण ऊसवाले आहोत, त्यामुळे घरातला गूळ विकायला जवळ पेठ असणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. १९०६ ला कोल्हापुरात सूतगिरणी काढली. राधानगरीच्या धरणाचं काम सुरू केलं, कारण शेतात पाणी नसेल तर बाजारात माल येणार कुठून? धरण मात्र त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. सहकारी संस्थांसाठी संस्थानात कायदा केला. सावकाराच्या दारात न जाता लोकांनी आपापसात भांडवल उभं करावं, हा त्यामागचा विचार. १९१७ च्या सुमारास मिरज रेल्वेमार्गालगत वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवलं. तिथले सरळ रुंद रस्ते आजही बघा, पेठेचा विचार करूनच आखलेले आहेत.

पण पेठ नुसत्या जागेने चालत नाही. दुकान कोण टाकणार आणि तिथं कोण जाणार, हाही प्रश्न असतो. गंगाराम कांबळे हे सरकारी पागेत नोकरीला होते. दलित असून पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना आधार देऊन धंदा काढायला सांगितलं. कांबळ्यांनी कोल्हापुरात सत्यसुधारक हॉटेल सुरू केलं, पण शिवाशिवीमुळे लोक चहा घ्यायला येईनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, सोबतच्या मानकऱ्यांना आणि अधिकाऱ्यांनाही पाजू लागले. राजाच पितोय म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणता येणार? हुकूम काढण्यापेक्षा हा मार्ग जास्त लागू पडला. महाराज गेल्यावर याच गंगारामांनी पुढाकार घेऊन त्यांचं स्मारक उभारलं.

६ मे १९२२ ला मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय सत्तेचाळीस. कोल्हापूरच्या मार्केट यार्डला आज त्यांचंच नाव आहे.

राजाने जागा दिली, व्यापाऱ्याने पैसा घातला, शेतकऱ्याने माल आणला, गिऱ्हाईकाने पाय वळवले, तेव्हा पेठ उभी राहिली. आता राजा नाही, ग्रामपंचायत आहे. ओटे, पाणी, स्वच्छतागृह ही तिची जबाबदारी. वजन चोख ठेवणं दुकानदाराची. आणि मोबाईलवर ऑर्डर देण्याआधी एकदा आपल्याच गावच्या दुकानात डोकावणं, ही आपली.