वर्गणीवर उभे राहिलेले विद्यापीठ

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला शाळेत भेटले ते बहुधा पुनर्विवाह आणि हिंगण्याचा आश्रम एवढ्यापुरतेच. या कामांसाठी त्यांनी पैसा कसा उभा केला, हे आपण कुणी फारसे विचारले नाही. मेळाव्यात शाळेच्या निधीचा विषय निघालाच आहे, म्हणून अण्णांची तीच बाजू इथे मांडते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. वाढले दापोलीजवळच्या मुरुडात, बेताच्या परिस्थितीत. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे १८८४ मध्ये ते एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले. टिळक बाहेर पडल्यावर फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी होती, तिथे १८९१ मध्ये रुजू झाले.

त्याआधीच त्यांनी मुरुड फंड सुरू केला होता. गावाबाहेर कमावणाऱ्याने मिळकतीतला ठरावीक वाटा गावाच्या कामासाठी द्यायचा, अशी ती साधी कल्पना. आज आपण माजी विद्यार्थी जे करू पाहतो, ते याहून वेगळे काय आहे? १८९३ मध्ये अण्णांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बाया कर्व्यांशी, लग्न केले आणि त्याच मुरुडाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर गेला. कॉलेजात तास घ्यायचे, मग पायी हिंगणे गाठायचे, परत यायचे, आणि सुट्टीत वर्गणीसाठी गावोगाव फिरायचे. विम्याची पाच हजारांची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घर चालवणाऱ्या बायांना हे किती जड गेले असेल, याचा हिशेब चरित्रकार सहसा मांडत नाहीत. मला तो मांडावासा वाटतो, कारण देणगीचा निम्मा भार बायांनीच उचलला होता.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आली आणि १९१६ मध्ये अण्णांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले. सुरुवातीला विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. सरकारी मान्यता मात्र नाही. म्हणजे मुलीने घरच्यांशी भांडून पदवी मिळवायची आणि त्या पदवीला सरकारदरबारी किंमत शून्य! तरी मुली आल्या. १९१९ मध्ये वारूबाई शेवडे पहिल्या पदवीधर झाल्या.

पार्वतीबाई आठवले या बायांच्या भगिनी. त्यांनाही लहान वयात वैधव्य आले. आश्रमाच्या कामात शिरल्या, वर्गणीसाठी महाराष्ट्रभर हिंडल्या आणि १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथे परक्यांच्या घरी घरकाम करत इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी पैसे जमवून परतल्या. आपल्या बॅचमधले काहीजण परदेशी नोकरीला आहेत, त्यांनी हे डोळ्यांपुढे आणून पाहावे.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. आता ददात मिटली असे कुणालाही वाटले असते. पण ठाकरसी गेले, पुढे त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद होऊन व्याजाचे पैसे काही काळ थांबले, आणि एका मोठ्या देणगीवर विसंबणे किती धोक्याचे हे कळून चुकले. सत्तरी ओलांडलेले अण्णा युरोप, अमेरिका, जपान आणि मग आफ्रिकेत वर्गणी मागत फिरले. हिंगण्याच्या संस्थेसाठी भाऊबीज निधी होताच. त्यात घरटी मिळेल तेवढे घ्यायचे, पण दरवर्षी जायचे.

१९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवे मंडळ काढले आणि पुन्हा दारोदार निघाले. महिला विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळाला १९५१ मध्ये, पहिल्या तुकडीनंतर पस्तीस वर्षांनी. तेव्हा अण्णा त्र्याण्णव वर्षांचे होते. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, ते पुण्यात वारले.