टोटल दुप्पट का आली? उत्तर कॉड यांच्या टेबलात

एका क्लाससाठी मी पॉवर बीआयमध्ये फीचा डॅशबोर्ड बनवला आणि तोंडावर आपटलो. एक मुलगी गणित आणि विज्ञान, दोन्ही बॅचला. तिने एकदाच भरलेले ६,००० रुपये रिपोर्टमध्ये १२,००० झाले! एक विद्यार्थी अनेक बॅचमध्ये, एका बॅचमध्ये अनेक विद्यार्थी. हेच ते मेनी-टू-मेनी. मी सगळं एकाच लांबलचक टेबलात कोंबलं होतं. चूक शोधता शोधता पोचलो एडगर कॉड यांच्यापाशी.

कॉड १९२३ साली इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावर जन्मले. ऑक्सफर्डला शिकले, महायुद्धात विमानं उडवली, १९४८ नंतर अमेरिकेत आयबीएममध्ये लागले. १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थीच्या राजकारणाला वैतागून सरळ कॅनडा गाठलं. काही वर्षांनी परतले आणि चाळिशी उलटल्यावर पीएचडी केली. (आपल्याला तिशीतच उशीर झाल्यासारखा वाटतो!)

तेव्हा आयबीएमच्या आयएमएसमध्ये डेटा झाडासारखा रचत. पण एकच पार्ट दोन प्रोजेक्टना लागला तर तो कुठल्या फांदीवर टांगायचा? दोन्हीकडे ठेवला तर नोंद डबल. १९७० च्या पेपरात कॉड यांनी झाडच बाजूला सारलं. पुरवठादार, पार्ट, प्रोजेक्ट यांच्यातलं नातंसुद्धा एक टेबलच, आणि किती नग पुरवले तेही त्यातच.

आयबीएमला मात्र घाई नव्हती, कारण आयएमएस चांगलं कमावून देत होतं. या कल्पनेवरचा ओरॅकल १९७९ मध्ये आधी बाजारात आला, आयबीएमचा नंतर. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बीआयवाल्यांच्या तोंडी असणारा ओलॅप हा शब्दही त्यांनीच १९९३ मध्ये रुजवला. २००३ मध्ये फ्लोरिडात ते गेले.

मग मीही तेच केलं. विद्यार्थी एका टेबलात, फी तिथेच; बॅच दुसऱ्यात; मधे नोंदणीचं टेबल, ज्यात प्रत्येक विद्यार्थी-बॅच जोडीची एक ओळ. यालाच ब्रिज टेबल म्हणतात. बॅचचा फिल्टर विद्यार्थ्यांपर्यंत पोचावा म्हणून विद्यार्थी-नोंदणी रिलेशनशिप दोन्ही दिशांनी चालू केली. आता एकूण फीत ती मुलगी एकदाच मोजली जाते. बॅचवार आकडे हाताने जोडले तर बेरीज अजूनही ६,००० ने जास्त भरते, कारण ती दोन्ही बॅचमध्ये खरंच आहे. क्लासच्या सरांना एवढं पटवायला मला अर्धा तास आणि दोन कटिंग लागले.