एक्सेलमधलं वर्गमूळ आणि २३ वर्षांचे आर्यभट

शीटमध्ये वर्गमूळ कसं काढायचं, हा तसा दोन ओळींचा विषय. पण आज मी त्यासोबत एका माणसाची गोष्टही सांगणार आहे. त्यांनी हेच काम कॉम्प्युटर यायच्या सुमारे दीड हजार वर्षं आधी नियमात बसवलं होतं.

आधी फॉर्म्युला

मोबाइलवर गुगल शीट्स किंवा एक्सेल उघडा. ए२ या सेलमध्ये १७६४ टाका. शेजारच्या सेलमध्ये =एसक्यूआरटी(ए२) लिहा आणि एंटर दाबा. (अक्षरं इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करायची.) उत्तर येईल ४२. संख्येपुढे घाताचं चिन्ह ^ देऊन ०.५ लिहिलं, तरी तेच उत्तर मिळतं. ए२ मध्ये ऋण संख्या असेल तर मात्र हॅशने सुरू होणारा 'नम' एरर दिसतो, कारण ऋण संख्येचं वास्तव वर्गमूळ नसतं.

आर्यभट कोण होते?

आर्यभटांचा जन्म इ.स. ४७६ चा. हे आपल्याला कळतं ते त्यांच्याच हिशोबावरून: कलियुगाची ३६०० वर्षं झाली तेव्हा आपलं वय २३ होतं, असं त्यांनी नोंदवलंय. ते वर्ष येतं ४९९. 'आर्यभटीय' या ग्रंथाचा काळही साधारण हाच धरतात. त्यांनी कुसुमपूरचा, म्हणजे आजच्या पाटण्याचा उल्लेख केलाय. पुढे ६२९ मध्ये पहिल्या भास्करांनी या ग्रंथावर टीका लिहिली, त्यात ते आर्यभटांना अश्मक देशाशी जोडतात. हा अश्मक गोदावरीकाठचा मानला जातो, त्यामुळे आपल्याला थोडी जवळीक वाटतेच!

अख्खा ग्रंथ फक्त १२१ श्लोकांचा. त्यातले ३३ गणिताचे, आणि त्यातल्याच एका श्लोकात वर्गमूळाची रीत आहे. चार ओळींचा प्रोग्रामच म्हणा ना.

त्यांची रीत करून बघू

१७६४ च घेऊ. उजवीकडून एकाआड एक स्थानं धरायची: ४ आणि ७ ही वर्गस्थानं, ६ आणि १ ही अवर्गस्थानं.

१. डावीकडचे १७ घ्या. त्यात बसणारा सर्वांत मोठा वर्ग १६, म्हणून मुळाचा पहिला अंक ४. उरला १.
२. पुढचा ६ खाली घ्या, झाले १६. याला मुळाच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागा. भागाकार २, बाकी ०. हा २ मुळाचा दुसरा अंक.
३. पुढचा ४ घ्या. त्यातून २ चा वर्ग वजा करा. बाकी ०. उत्तर ४२.

शाळेत शिकवतात ती भागाकार पद्धत याच कुळातली. मी मोठ्या शीटमधलं एखादं उत्तर अधूनमधून असं हाताने तपासतो. कारण फॉर्म्युला चुकीच्या सेलचंही वर्गमूळ तितक्याच आत्मविश्वासाने देतो.

त्यांना याची गरज का पडली?

आकाशासाठी. ग्रहांची स्थानं काढायची तर काटकोन त्रिकोण लागतात, आणि कर्ण काढायला वर्गमूळ लागतंच. त्यांनी ज्यांची, म्हणजे आजच्या साइनची, २४ मूल्यं मिळतील असा तक्ता दिला. शीटमधलं 'साइन' हे नावसुद्धा 'ज्या' या शब्दावरूनच, अरबी आणि लॅटिनमधून फिरत आलंय. पायची किंमत त्यांनी ३.१४१६ दिली, आणि ती जवळपासची आहे हेही स्पष्ट सांगितलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली: तारे फिरताना दिसतात, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते. एका युगातल्या १,५७,७९,१७,५०० दिवसांत पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या, असे त्यांचे आकडे. पहिला आकडा ए३ मध्ये, दुसरा बी३ मध्ये टाका आणि =ए३/बी३*८६४०० करा. साधारण ८६१६४.१ सेकंद येतील, म्हणजे २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंद. आजची किंमतही जवळजवळ तीच!

पण हे पचणं सोपं नव्हतं. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांसारख्या दिग्गजाने त्यांच्यावर कडक टीका केली. नंतरच्या काही टीकाकारांनी तर त्या श्लोकांचा अर्थच वळवून घेतला. गंमत बघा, गणिताच्या रीती लोकांनी शतकानुशतकं वापरल्या, पण त्याच माणसाचा पृथ्वीबद्दलचा विचार बाजूला ठेवला.

१९ एप्रिल १९७५ ला भारताचा पहिला उपग्रह अवकाशात गेला, त्याचं नाव 'आर्यभट' ठेवलं गेलं. माझ्या मते मात्र त्यांची खरी आठवण त्या तीन पायऱ्यांत आहे. आज एकदा ५१८४ चं वर्गमूळ कागदावर काढा, मग शीटमध्ये तपासा. उत्तर कमेंटमध्ये सांगा, आणि लेख आवडला तर मित्रांना पाठवा!