अभ्यास झाला, पण परीक्षेला बसू देतील का? – कॉर्नेलिया सोराबजी



वार्षिक परीक्षा जवळ आली की घराघरांत एकच वातावरण असतं. टीव्ही बंद, मोबाईल कपाटात, आणि अभ्यास झाला का हा प्रश्न दिवसातून चार वेळा. आज ज्या विद्यार्थिनीची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, तिची अडचण वेगळीच होती. अभ्यास झाला होता. पण तिला परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हेच ठरलं नव्हतं. आणि परीक्षा होती ऑक्सफर्डची, कायद्याची.

कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकची. जन्म 15 नोव्हेंबर 1866. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी घराण्यातले, पण ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढली होती. आईच शाळा चालवणारी म्हटल्यावर घरात मुलींच्या शिक्षणाला कोण अडवणार? कॉर्नेलियाचं बालपण बेळगाव आणि पुण्यात गेलं. पुढे डेक्कन कॉलेजात तिने प्रवेश घेतला. तिथली ती पहिली मुलगी. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर म्हणून तिचंच नाव घेतलं जातं.

पदवीच्या परीक्षेत तिने इतकं चांगलं यश मिळवलं की इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. गुण पुरेसे, पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात मुलगी कधी आलीच नव्हती. विशीत असतानाच ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागली. समोर सगळे पुरुष विद्यार्थी! इकडे इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी तिच्यासाठी वर्गणी जमवली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या समरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली.

आता जरा थांबून तिच्या अभ्यासाकडे बघू या, कारण चरित्र सांगताना आपण हाच भाग गाळतो. अमुक साली परीक्षा उत्तीर्ण, एवढं एक वाक्य लिहून पुढे जातो.

तिने निवडलेली परीक्षा होती बी.सी.एल., म्हणजे आधी पदवी घेतलेल्यांसाठी असलेली, वरच्या पातळीची कायद्याची परीक्षा. विधिशास्त्र, रोमन कायदा, इंग्लिश कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा असे त्यातले विषय. यातला शेवटचा विषय आजही विद्यार्थ्यांना घाम फोडतो. का, ते सांगतो. बाकीच्या कायद्यांत निदान हातात धरायला एक पुस्तक असतं, कलमं असतात. इथे संसद नाही, पोलीस नाही. 1892 साली तर संयुक्त राष्ट्रसंघही नव्हता आणि त्याआधीचा राष्ट्रसंघही नव्हता. मग अभ्यास कशाचा करायचा? देशादेशांतल्या तहांचा, जुन्या रीतींचा, लवादांच्या निवाड्यांचा आणि जाणकारांनी लिहिलेल्या ग्रंथांचा. पाठांतर कामाला येत नाही. एखादं प्रकरण घ्यायचं आणि त्यावर तत्त्व लावून बघायचं.

वर्गात समजावून सांगायला एक उदाहरण देतो. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. ब्रिटन तटस्थ होतं. तरीही अलाबामा नावाचं एक लढाऊ जहाज ब्रिटनमध्ये बांधलं गेलं, दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या हाती पडलं आणि त्याने उत्तरेकडची पुष्कळ व्यापारी जहाजं नष्ट केली. तटस्थ देशाने आपल्या बंदरातून असं जहाज जाऊ दिलं, तर नुकसानीला जबाबदार कोण? हे भांडण युद्धाने नाही, तर जिनिव्हाला बसलेल्या लवादाने सोडवलं. 1872 मध्ये ब्रिटनने अमेरिकेला 1 कोटी 55 लाख डॉलर द्यावेत असा निवाडा झाला, आणि ब्रिटनने ते दिले. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात या प्रकरणाची मोठी चर्चा होती. आठवी-नववीच्या मुलांना हे गोष्टीसारखं सांगून बघा. मैदानातलं भांडण तिसऱ्याकडे नेण्याची सवय त्यांना असतेच, त्यामुळे मुद्दा पटकन समजतो.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला फार बोचते. कॉर्नेलिया ऑक्सफर्डला शिकत असतानाच, 1891 मध्ये, मणिपूरच्या प्रकरणानंतर हिंदुस्थान सरकारने राजपत्रात जाहीर केलं की सरकार आणि संस्थानं यांच्यातल्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागू होत नाहीत. म्हणजे बघा, देश म्हणजे काय, सार्वभौम कोण, याचा अभ्यास ही हिंदी मुलगी ऑक्सफर्डमध्ये करत होती आणि तिच्याच देशातल्या राजेरजवाड्यांना हा कायदा तुमच्यासाठी नाही असं सांगितलं जात होतं.

ऑक्सफर्डमध्ये तिला शिक्षक मात्र तोलामोलाचे भेटले. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट, प्लेटोचे भाषांतरकार, तेव्हा सत्तरी ओलांडलेले, तिच्या पाठीशी उभे राहिले. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख विल्यम अ‍ॅन्सन यांनी आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात तिला वाचायला परवानगी दिली. तिथे तोवर कोणी बाई वाचायला बसली नव्हती. डायसीसारखे नामांकित कायदेपंडित त्या वेळी ऑक्सफर्डमध्ये शिकवत होते, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक होते टॉमस अर्स्किन हॉलंड.

एवढं सगळं असूनही बी.सी.एल.ची परीक्षा बायकांना खुली नव्हती. काही परीक्षांना मुली बसू शकत, पण पदवी मिळत नसे. कायद्याच्या या परीक्षेचा तर प्रश्नच आला नव्हता. तुम्ही विचार करा, तीन वर्षं अभ्यास करायचा आणि पेपर लिहायला मिळेल की नाही ते माहीत नाही! आपल्याकडे हॉल तिकीट दोन दिवस उशिरा आलं तरी पालकांच्या शाळेत फेऱ्या सुरू होतात.

1892 मध्ये परीक्षा जवळ आली तेव्हा एका परीक्षकाने बाईची परीक्षा घ्यायलाच नकार दिला. मग तडजोड पुढे आली की तिने आपल्या समरव्हिलमध्येच वेगळं बसून, देखरेखीखाली पेपर लिहावेत. बाहेरून बघता ही सोयच वाटते. कॉर्नेलियाला ती मान्य नव्हती. वेगळं बसून दिलेल्या परीक्षेला उद्या लोक वेगळीच परीक्षा म्हणतील, हे तिला कळत होतं. माझ्या मते तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. जॉवेट यांनी शब्द टाकला, प्रकरण विद्यापीठाच्या सभेपुढे गेलं आणि ऐन वेळी तिच्या एकटीसाठी खास ठराव मंजूर झाला. विद्यापीठाच्या परीक्षा-भवनात, मुलांबरोबर बसून, नाशिकच्या या मुलीने पेपर लिहिले. ऑक्सफर्डच्या कायद्याच्या परीक्षेला बसलेली ती पहिली स्त्री.

निकाल काय लागला? तिसरा वर्ग.

हो, थर्ड क्लास. शाळेतल्या भाषणांत आणि भित्तिपत्रकांवर हे सहसा येत नाही. तिथे फक्त पहिली, पहिली, पहिली असं असतं. मी वर्गात मात्र मुद्दाम सांगतो. नेहमी वरच्या श्रेणीत येणाऱ्या मुलीला तो निकाल नक्कीच लागला असणार. शेवटपर्यंत टांगती तलवार असताना दिलेली परीक्षा ती. आणि उत्तीर्ण होऊनही हाती पदवी नाहीच, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवी देत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मायदेशी परतल्यावर कॉर्नेलियाबाईंनी पुन्हा परीक्षाच दिल्या! मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. 1897 मध्ये, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा 1899 मध्ये. दोन्ही उत्तीर्ण. सनद मात्र मिळेना. काठेवाड आणि इंदूरकडच्या संस्थानांतल्या पडदानशीन बायकांच्या बाजूने ब्रिटिश एजंटांपुढे अर्ज मांडायची परवानगी तेवढी होती. या बायकांच्या नावे जमीनजुमला असायचा, पण परक्या पुरुषापुढे यायची सोय नाही, त्यामुळे कारभारी आणि नातेवाईक लुबाडायचे. बाई वकील असेल तरच त्यांना सल्ला मिळणार. बरीच वर्षं सरकारकडे पाठपुरावा केल्यावर 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. पालखीतून, होडीतून, हत्तीवरून प्रवास करत त्या या बायकांच्या घरी पोचायच्या. सुमारे 600 बायका आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली असं सांगितलं जातं.

त्यांचं सगळंच आपल्याला पटेल असं नाही. ब्रिटिश राज्य भारताच्या हिताचं आहे असं त्या मानत, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. त्यामुळे शेवटी शेवटी त्या एकट्या पडल्या, आणि बहुधा म्हणूनच आपल्या पाठ्यपुस्तकांतही त्या फारशा दिसत नाहीत. मोठ्या मुलांना हेही सांगावं, लपवू नये.

1920 मध्ये ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली. 1921 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांचं नाव वकिलांच्या यादीत घेतलं. 1922 मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला गेल्या आणि 1892 च्या त्या परीक्षेची पदवी त्यांनी घेतली. मधे 30 वर्षं गेली होती, वयाची पंचावन्नी उलटली होती. पुढच्याच वर्षी लंडनच्या लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या, कलकत्त्याला येऊन काही वर्षं वकिली केली आणि 1929 मध्ये निवृत्त होऊन लंडनला राहिल्या. तिथेच 6 जुलै 1954 रोजी त्यांचं निधन झालं.